नानांचा गेरू

आमच्या घरात कुणाचंही लग्न असो, नाना मांडवात शिरले की पोरं मागच्या दाराने पळायची. पोरंच कशाला, माझ्या आत्याच्या लग्नात तर नवरदेवाचे काकासुद्धा उठून विहिरीकडे गेले होते. कारण एकच, नानांच्या खांद्यावरची ती खाकी पिशवी. पिशवीत काचपट्ट्या, सुया नि स्पिरिटचा बोळा. कुणी नुसतं कपाळ दाबून बसलेलं दिसलं की नाना त्याच्या शेजारी जाऊन टेकलेच म्हणून समजा. "ताप हाये का?" हा त्यांचा रामराम. पुढच्याने "नाही हो, जागरण झालं" म्हणेपर्यंत त्याचं बोट नानांच्या मुठीत, बोटावर रक्ताचा थेंब आणि थेंब काचेवर. मग नाना काच वाळवत शांतपणे जेवायला बसायचे, नि वाढणाऱ्याला सांगायचे, "भरीत वाढ अजून."

जीवरामनाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव आमचं असोदा, जळगावला लागूनच. केळीचे बाग आणि थोडा कापूस. वडील, म्हणजे बन्सीलाल, शेतीत. आणि नाना धुळ्याला, मलेरियाच्या खात्यात. दर शनिवारी संध्याकाळी धुळे-जळगाव एस.टी.ने यायचे आणि सोमवारी पहाटे परत. त्यांच्या कपड्यांना डीडीटीचा वास असायचा. तो वास धुऊन जात नसे. लग्न केलं नाही त्यांनी. का नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "एका पोरीच्या बापाले वास आवडला नाही, नि दुसऱ्याचं बोट मी टोचलं." खरं काय ते आम्हाला कधी कळलं नाही. आई म्हणायची, या माणसाची सोयरीक डासांशी झालेली हाये.

शनिवारी नाना यायच्या आत आईची धांदल उडायची. कारण नाना चपला काढायच्या आधी बॅटरी काढायचे आणि स्वयंपाकघरातल्या रांजणात उजेड मारायचे. पाण्यात एखादी अळी वळवळताना दिसली की संपलंच. म्हणून आई शनिवारी दुपारीच रांजण पालथं घालून, घासून, उन्हात टाकायची. "माह्या नवऱ्याले मी येवढी भ्याली नाही, जेवढी या जेठाच्या बॅटरीले," असं ती शेजारणींना सांगायची. आणि आम्हीही तेच शिकलो. शनिवार म्हणजे रांजणाला आंघोळ.

पण नानांची खरी ओळख होती ती गेरूची.

ज्या घरात ताप निघायचा, त्या घराच्या दाराशी नाना गेरूचा ठिपका द्यायचे. गोल, अंगठ्याएवढा. मागून येणाऱ्या फवारणीच्या माणसांना घर शोधत बसायला नको म्हणून. ही पद्धत खात्याची होती की नानांची स्वतःची, देव जाणे. गेरूची पुडी मात्र कायम त्यांच्या खिशात असायची. लोकांना तो ठिपका नको असायचा. घराला गेरू लागला म्हणजे घर आजारी, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, पोरगी बघायला जायचं नाही. बाया पहाटेच तो शेणाने सारवून टाकायच्या, आणि नाना दुपारी येऊन तिथेच पुन्हा लावायचे. मी लहान असताना मला हिवताप आला तेव्हा त्यांनी आमच्याही दाराला लावला होता. आई भांडभांड भांडली. "सख्ख्या भावाच्या घराले?" नाना म्हणाले, "मंग काय भावाच्या घरचा डास वेगळा असतो?" पारोळ्यापासून यावलपर्यंत निदान लाल रंगाबद्दल तरी लोकांचं एकमत झालं होतं. लाल म्हणजे ताप. नानांनीच शिकवलं होतं ते, घरोघरी फिरून. पुढे ते त्यांच्याच अंगाशी आलं.

माझं लग्न नानांनी एस.टी.त जमवलं. ज्याने स्वतःचं जमवलं नाही, त्याने माझं जमवावं, यावर आई आठवडाभर कपाळावर हात मारत होती. शनिवारच्या त्या गाडीत पारोळ्याकडचे अभिमन आबा नावाचे एक शेतकरी बऱ्याचदा नानांच्या शेजारी बसायचे. गाव पारोळ्याहून आत, कोरडवाहू. बाजरी, कापूस, पाऊस झाला तर झाला. बसून बसून ओळख झाली, ओळखीतून त्यांचा मुलगा लीलाधर निघाला. शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. नाना स्वतः जाऊन घर बघून आले. आल्यावर आईने विचारलं, "पोरगा कसा हाये?" नाना म्हणाले, "रांजणं पाच हायेत घरात. पाची झाकलेली नाहीत." आई म्हणाली, "मी पोराचं विचारते!" तेव्हा म्हणाले, "पोरगा चांगला हाये."

मग लीलाधर मला बघायला आला. पोहे झाले, प्रश्न झाले, मोठ्यांची बोलणी सुरू झाली, आणि वडील त्याला बाग दाखवायला घेऊन गेले. मी गोठ्याच्या आडून बघत होते. खोटं कशाला बोलू? ऐन दुपार होती. तो केळीच्या रांगांमध्ये शिरला आणि नुसता उभाच राहिला. वर पानांकडे बघत. वडील पुढे गेले, तो तिथेच. मग आपल्याशीच म्हणावं तसं म्हणाला, "आठे तं दुपारले बी गार लागस." त्याच्या आवाजात असं काही होतं, की माझं मन तिथेच बसलं. मला तो आवडला. आमच्या वेळी पोरींनी असं बोलायचं नसे, म्हणून तेव्हा नाही बोलले, आता बोलते. खूप आवडला.

सुपारी फुटली. लग्न अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी धरायचं ठरलं.

हे सगळं एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतरचं. आणि त्याच हिवाळ्यात धुळ्याच्या कचेरीत एक जीप आली. हैदराबादकडची माणसं होती. आपल्या देशाचा उपग्रह वरून जमिनीचे फोटो काढतो. त्या फोटोंवरून पाणी कुठे साचतं, ओल कुठे टिकते, म्हणजेच डास कुठे होतील नि ताप कुठे वाढेल, हे आधीच ओळखता येतं का, ते त्यांना तपासायचं होतं. आता फोटो आभाळातला असला तरी तपासायला जमिनीवर यावंच लागतं. फोटोत काळा डाग दिसला, तर ते तळं आहे की जळून गेलेलं रान, हे जाऊनच बघायचं. आणि त्या डागाच्या आसपास किती घरांत ताप आहे, तेही. दोन्ही जिल्ह्यांच्या आडवाटा माहीत असलेलं माणूस हवं होतं, म्हणून नानांना जीपमध्ये पुढे बसवलं.

काय त्यांचा थाट सांगू! शनिवारी आले की नुसतं "वरून", "वरून". "बन्सी, वरून आपली तापी अशी दिसते का..." "बन्सी, वरून हतनूरच्या धरणाचं पाणी काळंशार दिसते..." आई पाण्याचा तांब्या आपटून म्हणायची, "मंग वरून हेबी दिसत असन का तुम्ही अजून पाय न धुता बसले." नाना हसायचे आणि पाय धुवायला उठायचे. इतकं खूश मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर एकटा माणूस सायकलवरून दारोदार फिरला होता. आणि आता कुणीतरी आभाळातून त्यांचंच काम करत होतं. त्यांना जोडीदार मिळाल्यासारखं झालं होतं.

पथकातले मूर्तीसाहेब तरुण होते, भला माणूस. त्यांना नाना आवडले. जाताना त्यांनी नानांना एक फोटो भेट दिला, चटईएवढा मोठा, गुंडाळी केलेला. समजावूनही सांगितलं. वरच्या यंत्रातून निघालेल्या या फोटोत हिरवं असतं ते तांबडं छापलं जातं. झाडोरा जितका दाट, तितका रंग लाल. पाणी काळं. उघडी जमीन राखाडी. फोटो ऐन उन्हाळ्यातला होता. रानं मोकळी झालेली, म्हणून सगळा मुलूख राखेसारखा. आणि जिथे बारमाही केळी, तिथे, म्हणजे आमच्या असोद्याच्या अंगाला, लालभडक. आणखी एक गोष्ट साहेबांनी हिंदीत सांगितली होती, ती नाना पुढे नेहमी सांगायचे. "नानाजी, सॅटेलाइट को घर के अंदर का मटका नहीं दिखता. वो आप ही को देखना है."

त्या शनिवारी नाना फोटोची गुंडाळी उराशी धरून एस.टी.त चढले. शेजारी अभिमन आबा. धुळ्याला कामाला आले होते, ते परत निघालेले. आता नानांची एक खोड सांगायला हवी. त्यांना सरळ काही सांगवत नसे. साधी भाजी आणली तरी पिशवी पाठीमागे धरून "वळखा बरं, काय आणलं?" दोघांच्या मांडीवर त्यांनी तो फोटो पसरला, पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघू लागली, कंडक्टर ओरडला, आणि नाना म्हणाले, "वळखा बरं, आबा!"

आबा म्हणाले, "काय शे भाऊ हाई? घोंगडी शे का?"

"आपला मुलूख हाये. वरून काढेल. तापाच्या कामासाठी." नानांनी बोट ठेवलं. "हे तुमचं गाव." राखाडी. मग बोट सरकवत सरकवत उजवीकडे नेलं. "नि हे आमचं असोदा."

आबांनी वाकून पाहिलं. "हाई इतलं लाल काबर शे?"

नाना गालात हसले. "तुम्हीच सांगा, काबर असन?"

पारोळ्याचा स्टँड आला. आबा उठले, पिशवी घेतली आणि राम राम न करता उतरले. घंटी वाजली, गाडी सुटली. नानांना वाटलं, विचार करत असतील, पुढच्या शनिवारी उत्तर सांगू. असे आमचे नाना! माझ्या संसाराचं उत्तर गुंडाळी करून जळगावपर्यंत घेऊन आले.

आबांच्या घराला मागे एकदा नानांच्याच हातचा गेरू लागला होता. त्यांना कोडं वगैरे काही पडलंच नव्हतं. तापाच्या कामाचा फोटो, सरकारने वरून काढलेला, आणि असोदा लालभडक. दारापुरता ठिपका नाही, गावच्या गाव रंगवलेलं. कुणालाही जे कळलं असतं, तेच त्यांना कळलं.

आठवडा उलटला नाही तोच निरोप आला. आबांचा चुलतभाऊ झुलाल जळगावच्या बाजारात वडिलांना भेटला आणि खाली मान घालून म्हणाला, "आबा म्हनतस, या साली राहू द्या." वडिलांनी कारण विचारलं. बराच वेळ तो टाळत राहिला, मग म्हणाला, "दादा, तुमना गावले वरतून गेरू लागेल शे."

वडील घरी येऊन ओट्यावर बसले ते उठेनात. आई तर पेटलीच. आणि गावाचं तोंड कोण धरणार? दोन दिवसांत असोदाभर झालं, की सरकारने वरून आपल्या गावाला गेरू लावला. विहिरीवर बाया मला बघून गप्प व्हायच्या. मी घरात भाकरी थापत होते, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करपवत होते. रात्रंदिवस मला तो केळीतला आवाज ऐकू येत होता. दुपारले बी गार लागस. मला वाटायचं, रडावं तर कशाला रडतेस म्हणून विचारतील, आणि सांगावं तर काय सांगू?

शनिवारी नाना आले. आईने त्यांना बॅटरी काढू दिली नाही.

"भाऊजी, तुम्ही साऱ्या मुलखाच्या दाराले गेरू लावला, आता माह्या पोरीच्या कपाळाले लावला," ती म्हणाली.

नानांना आधी कळेचना. कळलं तसे ते मटकन खाली बसले. खाकी पिशवी खांद्यावरून घसरली, आतल्या काचा वाजल्या, तरी त्यांनी बघितलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, मी तं त्याले गंमत करून राह्यलो होतो." आणि तसेच उठून, जेवणाला न थांबता, परतीच्या गाडीने पारोळ्याला गेले.

ते आबांना काय बोलले माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी आबा आले. सोबत लीलाधरच्या आई, झुंबरबाई, लुगड्याचा पदर दाताखाली धरलेल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत आम्ही दिलेला नारळ आणि धोतरजोडी, परत द्यायला आणलेली. आणि सोबत लीलाधर. अशा वेळी मुलाने यायचं नसतं. तो आला होता.

नानांनी कुणाला बसू दिलं नाही. "आधी बागात चला," म्हणाले. सगळे बागात गेलो. मीही गेले, मला कुणी थांबवलं नाही. नानांनी केळीच्या ओळीत, ओल्या मातीवर घोंगडी टाकून तो फोटो पसरला. "आबा, लाल काबर, ते मी तुम्हाले त्या दिवशी सांगाले पायजे होतं. माह्या जिभेले हाड नाही. पहा. जिथी हिरवं, तिथी या फोटोत लाल. हे हाये ते लाल," म्हणून त्यांनी केळीच्या पानाला हात लावला. जळगावचं स्टेशन दाखवलं, राखाडी. मेहरूणचं तळं दाखवलं, काळं. आबा गुडघ्यांवर बसून एकेक ताडून बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला. "आयला! म्हंजे हाऊ गेरू नही शे?" ते हसले, वडील हसले, आईने पदराने डोळे पुसले. मी लीलाधरकडे बघितलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता.

सगळं तिथेच मिटलं असतं. पण झुंबरबाई फोटोवर वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "मंग आमनं गाव कोठे शे यामा?"

नानांनी बोट ठेवलं. तिथे लाल टिपूससुद्धा नव्हता. गावाच्या चारी अंगांना नुसती राख, लांबच लांब.

आता आई वाकली. तिने ती राख बघितली, मग आमचा लाल पट्टा बघितला. "ओ माय," ती म्हणाली. "ही तं निरी राख हाये. इथी पोरगी देऊ मी? जन्मभर हंडे वाहाले?"

झुंबरबाईंनी मान खाली घातली. इतका वेळ नारळ परत करायला आलेली ती बाई, आता तिची पिशवी तिलाच लपवावीशी वाटत होती. आबा उठून उभे राहिले, आवाज चढला त्यांचा. "हिरवं शे तं शे, पन खरं सांगा नाना, तुमना गावमा ताप शे का नही?"

वडिलांनी नानांकडे बघितलं. एक "नाही" पुरलं असतं. तेवढं म्हटलं असतं तर असोदा सोन्याचं ठरलं असतं.

"हाये," नाना म्हणाले. "खोटं कायले बोलू? जिथी पाणी खेळते तिथी डास. आणि तुमच्याकडेबी हाये. तुमचा वरून दिसत नाही, घरातल्या रांजणात हाये. पाची उघडी, मी बॅटरी मारून पाह्यली." मग ते फोटो गुंडाळू लागले. "हा फोटो डास हुडकाले काढेल हाये. त्यात सोयरीक हुडकू नका. फोटो पाहून पोरगी देऊ नका, नि फोटो पाहून मोडूबी नका. जिले नांदाचं हाये, तिले विचारा."

आणि सगळ्यांसमोर, सासू-सासरे होऊ घातलेल्यांसमोर, ते मला म्हणाले, "पुष्पी, बोल."

आमच्याकडे पोरींना असं कुणी विचारत नसे. पण माझ्यातही काही थोडा नानांचा अंश होताच. मी म्हणाले, "मी जाईन. हंडे वाहीन. पण दर शनिवारी रांजणं मी रिकामी करीन, घासून उन्हात टाकीन. ते कुणी अडवायचं नाही."

झुंबरबाई ताडकन उठल्या. "पानी फेकशी? आमना गावमा? लोके काय म्हनतीन! आठ दिवसमा एकदाव टँकर येस!"

झालं. राखेला नाही अडलं, तापाला नाही अडलं, ते आता रांजणातल्या पाण्याला अडलं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? ज्या गावात बाया तांब्याने मोजून अंघोळ करतात, तिथे सून येऊन रांजण पालथं घालणार म्हणते. मी तर एकदा बोलून बसले होते, आता माघार कशी घेऊ?

तेव्हा लीलाधर खाली वाकला. केळीच्या बुंध्याजवळ एक पिल्लू फुटलं होतं, हातभर उंचीचं. त्याला बोट लावून त्याने माझ्या वडिलांना विचारलं, "हाई माले देशात का?" मग आपल्या आईकडे वळून म्हणाला, "फेकनं नही, माय. गाळी लिसूत. तळना घान्हेरडा पानीवर हाई केय लावसूत."

झुंबरबाई त्या पिल्लाकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या अंगणात आजवर केळ कधी लागली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "जगी का ती तठे?"

"जगाडली तर जगेल," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नारळ पिशवीतच राहू दिला.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. वरातीबरोबर केळीचे तीन कंद पोत्यात बांधून गेले. करवल्यांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त घेतली गेली. मोरीच्या तोंडाशी आम्ही ते लावले. पहिल्या शनिवारी मी रांजण रिकामं करायला घेतलं तर सासूबाई दारात उभ्या. वरचं पाणी मी फडक्यातून गाळून हंड्यात घेतलं, तळाचं बादलीत ओतलं. बादलीत अळ्या वळवळत होत्या. सासूबाईंनी बघितल्या. "हाई पेत व्हतूत आपन?" एवढंच म्हणाल्या, आणि बादली माझ्या हातातून घेऊन स्वतः केळीला घालून आल्या. त्यानंतर शनिवारची बादली त्यांनी मला कधी उचलू दिली नाही.

तीनपैकी एक कंद कुजला, दोन जगले. पहिला घड आला तेव्हा गल्ली बघायला लोटली होती. सासूबाईंनी पहिली फणी धुळ्याला पाठवली, नानांना. गल्लीतल्या बाया पिल्लं मागायला येऊ लागल्या आणि सासूबाई पिल्लू देताना बजावायच्या, "शनवारले रांजन खाली कराले पडी, नही तं जगाव नही." केळीला वार काय कळतो? पण त्या छातीठोक सांगायच्या आणि बाया ऐकायच्या. ताप गेला असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीत गेरू लागायचा कमी झाला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

नाना शनिवारी मधेच पारोळ्याला उतरून यायचे. आल्यावर आधी बॅटरी, मग "कशी हायेस, पोरी?"

सत्त्याण्णव सालच्या अखजीला मी माहेरी गेले. नाना रिटायर होऊन असोद्यालाच राहत होते. थकले होते, ओट्यावरच असायचे. अंगणात पोरी झोके घेत होत्या, गाणी चालली होती. मी पाया पडले तर नानांचे डोळे चमकले. हात पाठीमागे. "वळख बरं, काय आणलं?"

नवा फोटो होता. मूर्तीसाहेबांनी आठवणीने पाठवलेला. नानांनी ओट्यावर पसरला. असोदा लालच. मी बोटाने पारोळ्याकडे सरकले. राख, राख, राख, आणि त्या राखेत, बरोबर आमच्या गावावर, एक लाल ठिपका.

मी ओरडलेच. "नाना! दिसली! आमची केळ दिसली वरून!" नाना नुसते माझ्याकडे बघत होते. मी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. बोटाला लाल लागलं.

गेरू होता.

"साहेब म्हने वरून नाही दिसत," नाना खाली बघत म्हणाले. "त्यायच्या येका ठिपक्यात तुमची आखी गल्ली मावते म्हने. मंग मीच लावून देला."

सगळ्या जन्मात त्या माणसाने तापाच्या घराशिवाय कुठे गेरू लावला नव्हता. ठिपका अर्धा माझ्या बोटावर आला होता, अर्धा फोटोवर राहिला होता. माझे डोळे भरून आले, नाक लाल झालं, अंगात कापरं भरल्यासारखं झालं. नानांनी ते बघितलं, पुढे सरकले आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप हाये का, पोरी?"

"नाही, नाना," मी म्हणाले, आणि बोट पुढे केलं.